टँकला कॅमो मारला तर कमी दिसतो का? आधी बघणारा कोण ते ठरव

तुझा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं हा साधा हो-नाहीचा प्रश्न आहे आणि तसा तो नाहीये. तू कळव्याला राहतोस, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, आधी वर्ल्ड ऑफ टँक्स खेळायचास, आता चार महिने वॉर थंडर या दुसऱ्या टँकच्या गेममध्ये रिअॅलिस्टिक ग्राउंड बॅटल, म्हणजे जरा खऱ्यासारखी जमिनीवरची लढाई, खेळतोयस. पॉकेटमनीतून गोल्डन ईगल, म्हणजे गेममधलं विकतचं चलन, घेऊन एक तीन रंगी कॅमो, म्हणजे टँक लपवायचा रंग, घ्यायचा विचार चाललाय. एक मित्र म्हणतो कॅमो मारला की थोडे टक्के कमी दिसतो, दुसरा म्हणतो सगळा दिखावा आहे. आणि खरी तक्रार शेवटच्या ओळीत आहे, की हिरवा टँक झाडीत लावून गप्प उभा राहिलो तरी कुठूनतरी गोळा येतोच, मला कसं काय दिसतं लोकांना.

मी ऐरोलीला राहतो, तेरा वर्षं गेम आणि अॅनिमेशनसाठी टेक्स्चर रंगवायचं काम करतोय, म्हणजे टँक, ट्रक, कपडे, भिंती, गंज, चिखल हे सगळं रंगवायचं आणि ते स्क्रीनवर लांबून कसं दिसेल ते बघायचं. आणि २०१५ पासून हे टँकचे गेम खेळतोय. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकतो, रंगवणाऱ्याच्या आणि गोळी खाणाऱ्याच्या.

तुझे दोन्ही मित्र बरोबर आहेत, फक्त दोघं दोन वेगळ्या गेमबद्दल बोलतायत. कॅमोचा विषय निघाला की पहिला प्रश्न हा विचारायचा, की मला बघतंय कोण, गेमचं गणित की समोरच्या माणसाचा डोळा. या दोघांना फसवायच्या रीती पूर्ण वेगळ्या आहेत, आणि तू एका गेममधली सवय घेऊन दुसऱ्यात आलायस, घोळ तिथे झालाय.

वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये बघतं ते गणित. तिथे शत्रू स्पॉट झाला नाही, म्हणजे तो दिसला असं गेमने ठरवलं नाही, तर तो तुझ्या स्क्रीनवर काढलाच जात नाही, तू डोळे फाडून बघितलंस तरी तिथे रिकामं मैदान दिसणार. स्पॉट कधी होणार ते एका साध्या हिशोबाने ठरतं. शत्रूची नजर ४०० मीटर आहे आणि तुझ्या टँकचा लपायचा आकडा २० टक्के आहे असं धर. ४०० मधून ५० वजा, राहिले ३५०, त्याचे २० टक्के झाले ७०, म्हणजे तू त्याला ३३० मीटरवर दिसणार. ते ५० मीटर वजा करतात कारण तेवढ्या जवळ आल्यावर भिंतीआड असलास तरी दिसतोसच. आता कॅमो पेंट मारलास, मीडियम टँकला त्याचे ३ टक्के मिळतात, २० चे २३ झाले, ३५० चे २३ टक्के साडेऐंशी, तू दिसणार ३१९.५ मीटरवर. साडेदहा मीटरचा फरक. टँक डिस्ट्रॉयरला थोडा जास्त मिळतो, हेवी टँकला कमी. आणि तिथे तो पेंट दिसायला कसा आहे याला काही किंमत नाही, मॅप उन्हाळी, बर्फाळ की वाळवंटी त्याला जुळणारा कॅमो लावलेला असला की बास, भडक स्टाइललाही तोच आकडा मिळतो, कारण गणिताला डोळे नसतात. झुडपामागे उभं राहणं, थांबून राहणं, गोळा झाडायच्या आधी १५ मीटर मागे सरकणं म्हणजे ते झुडूप तुझ्यासाठी आडोसा म्हणून टिकतं, हे सगळं त्या साडेदहा मीटरपेक्षा किती तरी जास्त देतं. पण तरी, पहिल्या मित्राचं म्हणणं तिथे खरं आहे.

वर्ल्ड ऑफ वॉरशिप्समध्ये पण आधी असंच होतं, जहाजाच्या कॅमोला लपायचा ३ टक्के फायदा चिकटवलेला होता, २०२२ मध्ये त्यांनी रंग वेगळा काढला आणि फायदा वेगळा. मला ते आवडलं, कारण माणसाला आवडेल तो रंग लावता यावा आणि त्याची शिक्षा भोगावी लागू नये.

आता वॉर थंडर. तिथे आर्केड मोडमध्ये शत्रू स्पॉट झाला की त्याच्या डोक्यावर नाव येतं, म्हणजे तिथे तू टँकला फुलांची रांगोळी काढलीस काय आणि चिखल फासलास काय, लाल नाव दिसतंय तिकडे लोक गोळा मारणार. पण तू रिअॅलिस्टिक खेळतोस, तिथे शत्रूच्या टँकवर नाव येत नाही, सिम्युलेटर मोडमध्ये तर नाहीच नाही. म्हणजे तिथे बघतोय तो दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस, त्याचा मॉनिटर आणि त्याचा डोळा. कॅमोने तुझा कुठलाही आकडा बदलत नाही. दुसरा मित्र दिखावा म्हणतो तो यामुळे, आकडा नाही म्हणून. पण आकडा नाही म्हणजे परिणाम नाही असं नाही, तिथे त्याचं चुकतं.

मग माणसाच्या डोळ्याला काय दिसतं ते बघू, मुख्य मुद्दा हाच आहे.

पहिले पिक्सेल मोज. फुल एचडी स्क्रीन, १९२० बाय १०८०, समोरचा आडवा कोन ९० अंश धरला तर १०० मीटरवर उभा असलेला १.८ मीटरचा माणूस स्क्रीनवर साधारण १७ पिक्सेल उंच दिसतो. २०० मीटरवर ९ पण नाही. टँक सात मीटर लांब, पूर्ण आडवा उभा, ५०० मीटरवर साधारण १३ पिक्सेल लांब आणि पाचेक पिक्सेल उंच. आता तू मला सांग, १३ गुणिले ५ च्या त्या ठिपक्यात तीन रंगांची नक्षी कुठे मावणार? नाही मावत. हिरवा, तपकिरी, पिवळा तिन्ही एकमेकांत मिसळून त्यांचा एकच सरासरी रंग होतो. आम्ही टेक्स्चरवाले हे रोज बघतो, जवळून चार दिवस खपून काढलेले ओरखडे, नंबर, चिखलाचे शिंतोडे कॅमेरा मागे गेला की गायब, उरतो एक डाग, आणि तो डाग मागच्या पडद्यापेक्षा उजळ आहे की गडद एवढंच कळतं.

तू म्हणशील झूम आहे ना. आहे, आठपट झूम मारला की तेच १३ पिक्सेल १०० च्या वर जातात आणि नक्षी दिसायला लागते. पण शत्रू तुझ्यावर झूम का मारेल? आधी त्याला मोकळ्या नजरेने काहीतरी खटकलं पाहिजे, तिकडे काय आहे बघू असं वाटलं पाहिजे, मग तो झूम करणार. म्हणजे शोधाच्या दोन पायऱ्या आहेत, पहिली खटकण्याची आणि दुसरी ओळखण्याची. पहिल्या पायरीवर नक्षीचा काही उपयोग नाही, तिथे फक्त उजळ-गडद आणि हालचाल. नक्षी कामाला येते दुसऱ्या पायरीवर. लोक पैसे देतात दुसऱ्या पायरीसाठी आणि मरतात पहिल्या पायरीवर.

उजळ-गडद हे रंगापेक्षा मोठं आहे हे माझ्या पक्कं लक्षात आलं एका सहकाऱ्यामुळे. त्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, जन्मापासून. आम्ही ऑफिस सुटल्यावर तीन-चार जण खेळायचो तर हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा कॅमो मारलेला टँक झुडपात असला की बऱ्याचदा त्याला आमच्या आधी दिसायचा. आम्हाला नवल वाटायचं, मग त्याने सांगितलं की अरे मला तो हिरवा-तपकिरी खेळ दिसतच नाही, मला सरळ एक गुळगुळीत तुकडा दिसतो आणि बाजूला पानांचा खडबडीत पोत. रंगांधळ्या लोकांना रंगाने लपवलेली वस्तू कधीकधी आधी सापडते हे संशोधनातही दिसलेलं आहे. तेव्हापासून मी कुठलाही कॅमो तपासताना आधी स्क्रीनशॉट काळा-पांढरा करतो. रंग काढून टाकल्यावरही टँक ढेकळासारखा उठून दिसत असेल तर तो कॅमो कितीही सुंदर असो, नापास.

दुसरी गोष्ट, तू हिरवा टँक झाडीत लावतोस म्हणजे पायाखाली आणि बाजूला काय आहे ते बघतोस. शत्रूला तुझ्या पायाखालचं दिसत नाही, त्याला तुझ्या पाठीमागचं दिसतं. तुझ्या बाजूला हिरवं झुडूप आहे पण त्याच्या जागेवरून तुझ्यामागे पिवळं गव्हाचं शेत पसरलंय, तर तू पिवळ्यावरचा गडद डाग आहेस. तू टेकडीच्या माथ्यावर आहेस तर तुझ्यामागे आकाश, आणि आकाशासमोर कुठलाही रंग काळाच दिसतो.

आमच्याकडे ऐरोलीच्या खाडीवर हे फुकटात बघता येतं. खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, संध्याकाळी ऐरोलीच्या किनाऱ्याला उभं राहून मुलुंडच्या दिशेला बघ, सूर्य समोर असतो, चिखलात शेकडो पक्षी चरत असतात आणि त्यातला गुलाबी कुठला, राखाडी कुठला, पांढरा बगळा कुठला काही म्हणजे काही कळत नाही. सगळे काळे. फ्लेमिंगो ओळखायचा तो लांब मानेवरून आणि वाकड्या चोचीवरून, म्हणजे बाह्याकृतीवरून. तीच जागा, तेच पक्षी, सकाळी सूर्य पाठीशी असताना बघ, गुलाबी रंग असा फुटतो की लहान पोरगंही बोट दाखवेल. पक्ष्याने रंग बदलला नाही, उजेड बदलला. गेममध्ये पण मॅच सुरू झाली की सूर्य कुठे आहे ते पहिल्या दहा सेकंदात बघून घे. तुझ्या पाठीशी सूर्य असेल तर शत्रूला तू प्रकाशाच्या विरुद्ध बाजूने काळा दिसतोस, मग तुझ्यामागे गडद भिंत किंवा दाट झाडी शोध, तीन रंगांचा विचार सोड. सूर्य त्याच्या पाठीशी असेल तर तुझ्या टँकवर पूर्ण उजेड पडणार, तेव्हा मात्र रंग दिसतो आणि तेव्हा रंगाचा फायदा-तोटा दोन्ही होतो.

आता तुझी खरी तक्रार, गप्प उभा असूनही दिसतो. तू एक स्क्रीनशॉट पाठवलायस तो बघितला. कुर्स्कसारखा मोकळा मॅप आहे, टँक झुडपात व्यवस्थित घुसवलायस, हल म्हणजे खालचं धड पूर्ण झाकलंय, टरेट म्हणजे वरची फिरणारी बुरुजी, तिचा वरचा भागही झाकलाय. आणि तोफेची नळी? नळी झुडपातून दीड-दोन मीटर बाहेर आलीये, सरळ आडवी. निसर्गात एवढी सरळ आडवी रेघ नसते रे. फांद्या वाकड्या असतात, गवत उभं असतं, एक सरळ काळी काठी आडवी दिसली की डोळा तिथेच अडकतो. कॅमो नळीवरही असतो पण नळी बारीक, तिच्यावर नक्षी पडून काही तुटत नाही. टँक अजून एक मीटर मागे घे, किंवा थोडा तिरका लाव म्हणजे नळी झुडपाच्या लांबीच्या बाजूने जाईल. आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून स्वतःचा टँक मागून बघून समाधान मानू नकोस, सगळे तेच करतात, मागून बघितलं तर झुडूप पुढे दिसतं आणि वाटतं वा झाकलो.

त्याच स्क्रीनशॉटमध्ये अजून एक आहे, अर्धा टँक उन्हात आणि अर्धा सावलीत. त्या दोन्हींमधली सीमा टँकच्या छतावरून जाते आणि छताची धार चकचकीत दिसते. एक तर पूर्ण सावलीत ये नाहीतर पूर्ण उन्हात, मधोमध नको.

हालचालीचं सांगायची गरज आहे की नाही माहीत नाही, पण तू लिहिलंयस की उभा असताना टरेट फिरवून आजूबाजूला बघत राहतो, म्हणून सांगतो. ठाण्याच्या येऊरच्या जंगलात पाटोणापाड्याच्या बाजूला एकदा सकाळी पक्षी बघायला गेलो होतो, बरोबर एक अनुभवी काका होते, त्यांनी हात धरून थांबवलं आणि म्हणाले समोर बघ, रातवा बसलाय. मी सहा फुटांवर उभा होतो. वाळलेली सागाची पानं, काटक्या, माती. काका बोट दाखवतायत आणि मला पानंच दिसतायत, मिनिटभर तरी मी त्या पक्ष्याकडे थेट बघत होतो आणि तो मला दिसत नव्हता. मग त्याने डोळा उघडला. फक्त डोळा, एक काळा चमकदार ठिपका, आणि त्या क्षणी अख्खा पक्षी दिसला, चोच, पंख, शेपटी, सगळं, आणि त्यानंतर तो परत पान झालाच नाही माझ्यासाठी. त्याचा रंग तर आधी होता तोच होता. टरेट फिरवणं म्हणजे तो डोळा उघडणं आहे. नजरेच्या कडेला रंग फारसा कळत नाही पण हललेलं लगेच कळतं, आपला डोळाच तसा आहे. तुला आजूबाजूला बघायचंय तर टरेट न हलवता कॅमेरा फिरवायचं बटण असतं, ते वापर. दुर्बीण वापर. टरेट फक्त गोळा मारायच्या वेळी.

आणि एकदा गोळा मारलास की नळीच्या तोंडाचा जाळ, धूर, उडालेली धूळ, ट्रेसरची म्हणजे उडत्या गोळ्याच्या उजेडाची रेघ, सगळं तुझा पत्ता सांगतं, त्यानंतर त्याच जागी कॅमोच्या भरवशावर बसणं म्हणजे रातव्याने ओरडून परत डोळे मिटण्यासारखं. एक, फार तर दोन गोळे आणि जागा बदल.

बर्फाच्या मॅपबद्दल तू विचारलंयस की पांढरा घेऊ का. इथे माझं मत बऱ्याच लोकांपेक्षा वेगळं आहे. मोकळ्या बर्फात, मागे बर्फाचा उतार असेल तर पांढरा जबरदस्त चालतो, त्यात वाद नाही, आणि गडद हिरवा टँक तिथे पांढऱ्या ताटातल्या मोहरीसारखा दिसतो. पण बर्फाच्या मॅपवर तू उभा कुठे राहतोस? झाडांच्या रांगेत, घराच्या कोपऱ्याला, पडक्या भिंतीमागे. तिथे पाठीमागे खोडं, सावली, विटा, म्हणजे सगळं गडद, आणि त्यात चुन्यासारखा पांढरा टँक लांबून फ्रिज ठेवल्यासारखा दिसतो. दुसऱ्या महायुद्धात हिवाळ्यात टँकवर चुन्यासारखा धुता येणारा पांढरा रंग फासायचे, तो काही दिवसांत खरवडून निघायचा आणि खालचा हिरवा किंवा करडा डोकवायचा, आणि तसा उडालेला, मळका पांढरा हा गेममध्येही शुद्ध पांढऱ्यापेक्षा बरा पडतो कारण त्याची सरासरी मधली येते. तर पांढरा घेणार असशील तर मळका घे.

वाळवंटी मॅप, एल अलामेनसारखा, तिथे मात्र मी रंगाला सगळ्यात जास्त मार्क देतो. झुडपं कमी, मागे सगळीकडे एकच वाळू आणि खडक, उजेड कडक. तिथे साधा एकरंगी वाळूचा रंग कुठल्याही महागड्या नक्षीला भारी पडतो. जर्मन सैन्याने १९४३ च्या फेब्रुवारीत टँकचा मूळ रंग गडद करड्याचा बदलून गडद पिवळा केला, आणि वर हिरवे-तपकिरी पट्टे युनिटने आपल्या जागेप्रमाणे मारायचे. बेस रंग मधला ठेवायचा आणि बाकीचं जागेवर ठरवायचं, मला हा विचार गेमसाठी पण पटतो. एकच कॅमो सगळ्या मॅपला ठेवायचा असेल तर मळकट पिवळसर, फार गडद नाही फार उजळ नाही असा घे.

मग नक्षीचा काय उपयोग, पूर्ण फुकट का? नाही. दुसरी पायरी आठव, ओळखण्याची. शत्रूने झूम केला, तुझा टँक दिसतोय, आता त्याला ठरवायचंय की टँक कुठला, तोंड कुठल्या बाजूला, कमजोर जागा कुठे. मोठ्या तुकड्यांची, जोरदार उजळ-गडद फरक असलेली नक्षी असेल तर हलची धार आणि टरेटची धार एकमेकांत मिसळतात, आणि तो एक-दोन सेकंद अडखळतो. पहिल्या महायुद्धात १९१७ साली नॉर्मन विल्किन्सन नावाच्या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर मोठमोठे काळे-पांढरे तिरके पट्टे मारायची कल्पना आणली, त्यात जहाज लपवायचा हेतूच नव्हता, समुद्रावर जहाज लपत नाही, पाणबुडीवाल्याला जहाज कुठल्या दिशेला आणि किती वेगाने चाललंय त्याचा अंदाज चुकवायचा होता म्हणजे टॉर्पेडो चुकेल. तोच धडा इथे लागू आहे, २०० मीटरच्या आतल्या लढाईत, शहराच्या मॅपवर, मोठी नक्षी तुला सेकंदभर देते, आणि तुला माहितीये सेकंदभरात गोळा भरून होतो की नाही ते. बारीक ठिपक्यांची नक्षी जवळून छान दिसते, गॅरेजमध्ये फिरवून बघायला छान, पण लांबून तिचा एकच रंग होतो आणि जवळून ती धार तोडत नाही. म्हणून निवड करताना गॅरेजमध्ये टँक जवळ घेऊन बघू नकोस, जमेल तेवढा लांब ने आणि डोळे किलकिले करून बघ.

हे सगळं ज्याच्यावर अवलंबून आहे अशी एक गोष्ट तुझ्या हातात नाहीये, ती म्हणजे समोरच्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग. तुझ्या स्क्रीनवर गुडघाभर गवत आहे, त्याने ग्राफिक्स अगदी खाली आणलंय तर त्याच्याकडे तिथे सपाट जमीन आहे. बीजीएमआय किंवा पबजी खेळला असशील तर हे माहीतच असेल, एरँगल मॅपवर गवतात पालथा पडून तुला वाटतं मी दिसतच नाही, तुझ्या चेहऱ्यासमोर गवत हलतंय, पण दोन-तीनशे मीटरवरून बघणाऱ्याला ते गवत काढलंच जात नाही, त्याला उघड्या उतारावर पालथा पडलेला माणूस दिसतो. एअरड्रॉपमधला गिली सूट, म्हणजे गवतासारखा दिसणारा पोशाख, घालून लोक असे मरतात आणि वर रिपोर्ट मारतात की हॅकर होता. त्यात हॅकर नसतो, गवत नसतं. तर झाडं, मोठी झुडपं, भिंती, खडक यावर विश्वास ठेव, गवतावर आणि पानांच्या बारीक सावलीवर ठेवू नकोस. इमारतीची मोठी सावली बऱ्याचदा बरी, पण तिच्यावरही पूर्ण नाही. शिवाय लोक मॉनिटरचा गडद भाग उजळ करणारी सेटिंग लावतात, रंग भडक करतात, हे तुला समजणारही नाही. आणि वरच्या रँकला गेलास की थर्मल साइट येते, तिला रंग दिसत नाही, उष्णता दिसते, तिथे पेंटचे पैसे पूर्ण वाया.

दुसऱ्या गेमवाल्यांचं थोडक्यात, कारण तू शेवटी विचारलंयस की काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटला हे लागू आहे का. तिथे गेम बनवणारेच माणूस उठून दिसेल याची काळजी घेतात. व्हॅलोरंटमध्ये शत्रूभोवती रंगीत कडा असते, लाल, पिवळी, जांभळी यातली तू निवडतोस, म्हणजे रंगांधळ्या माणसालाही दिसेल. काउंटर-स्ट्राइकमध्ये एजंट, म्हणजे निवडता येणारी पात्रं, आले तेव्हा काही एजंट कोपऱ्यात दिसत नाहीत अशी ओरड झाली, तिथे खेळाडूचा कॉन्ट्रास्ट वाढवायची सेटिंग आहे. कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोनला रोझ नावाच्या पात्राचा एक पूर्ण काळा पोशाख होता, तो घालून लोक अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात बसायचे आणि खरंच दिसायचे नाहीत, शेवटी २०२१ मध्ये तो पोशाख उजळ करावा लागला. बघ, तिथे पण नक्षीने लपवलं नाही, काळ्यावर काळं, उजळ-गडदाचाच खेळ. माझं स्वतःचं मत विचारशील तर पैसे देऊन मिळणाऱ्या पोशाखाने कमी दिसायला लागणं हे खेळाडूंवर अन्याय करणारं आहे आणि ते दुरुस्त केलं ते योग्य केलं.

आता तुझ्या पैशाचं. तू ज्या तीन रंगी कॅमोसाठी ईगल घेणार आहेस त्या टँकचे काही कॅमो ठरावीक संख्येने शत्रू मारून फुकट उघडतात, आधी ते बघ, त्यातला एखादा मळकट पिवळा निघतो का. निघाला तर पैसे खर्चू नकोस. खर्चायचेच असतील तर टँकवर लावता येणारी झुडपं बघ, ती रंगापेक्षा कामाची कारण ती सपाट नसतात, ती धार खरोखर तोडतात, टरेटच्या वरच्या कडेला आणि नळीच्या बुडाशी लाव. पण झुडपं लावून मोकळ्या मैदानात पळत गेलास तर चालतं झुडूप सगळ्यांनाच दिसतं, आणि बर्फात किंवा वाळवंटात हिरवं झुडूप उलट घात करतं, ती काढून ठेव. आणि हो, नेटवरून एखादा सुंदर यूजर स्किन, म्हणजे कुणा खेळाडूने बनवलेलं रंगकाम, डाउनलोड करून लावशील तर तो फक्त तुलाच दिसतो, शत्रूला नाही, त्याला तुझा मूळ रंगच दिसणार. मी स्वतः असे स्किन बनवतो, हौसेने बनवतो, पण लपायला म्हणून कोणी मागितला तर आधी हे सांगतो.

पैसे द्यायच्या आधी एक संध्याकाळ घालव. तुझ्या त्या दोन मित्रांना घेऊन कस्टम बॅटल, म्हणजे आपल्यापुरती मॅच, उघड. तू नेहमीच्या जागी टँक लाव, एकाला ३०० मीटरवर पाठव आणि मग ६०० वर, त्याला सांग तू कुठल्या बाजूला आहेस पण नेमकी जागा सांगू नकोस, आणि तो शोधताना बोलत राहू दे की काय खटकलं. तो म्हणेल काठी दिसली, किंवा काहीतरी हललं, किंवा तिथे काळं दिसतंय. रंग बदल आणि परत कर, मग जागा बदलून परत कर, रंग तोच ठेवून. कशाने जास्त फरक पडतो ते तुला तिथेच कळेल. स्क्रीनशॉट त्याच्या कॉम्प्युटरवर काढायचे, तुझ्या नाही, झूमशिवाय एक आणि झूमचा एक, आणि त्याची ग्राफिक्स सेटिंग खाली लिहून ठेव. मग ते काळे-पांढरे करून लहान करून बघ. ते इथेच टाकलेस तर मी बघून सांगतो नळी किती मागे घ्यायची.